मोटारीच्या पाण्याचा हिशेब

संपादक मंडळाने या वर्षी आम्हांस धान्याच्या साठवणुकीविषयी लिहिण्याची आज्ञा केली होती. परंतु त्या विषयावर आमच्याहून अधिकाराने लिहू शकतील असे अनेक सभासद आपल्या संघात आहेत. यास्तव आम्ही एक निराळाच विषय घेत आहोत. जुन्या मोटारीच्या इंजिनातून पाणी गळू लागले तर ते कोठून गळते हे कसे शोधावे, आणि शोधल्यावर काय करावे, हा तो विषय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रविद्येची पदवी आमच्यापाशी नाही. तथापि वखारीतील तूट शोधण्यात आमचे आयुष्य गेले आहे, आणि मोटारीचे पाणी ही शेवटी एक तूटच आहे. शिवाय हा लेख लिहिण्यास आणखी एक कारण आहे. ते ओघाने येईलच.

आमच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. आमची पेढी पूर्वी जुन्या सुपे गावी होती. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे ते गाव. धरणाचे काम सुरू झाले, गाव उठले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि १९८७ साली पुरे झालेल्या १०१ मीटर उंचीच्या सुपा धरणाच्या पोटात जुने सुपे गेले. आमच्या वडिलांनी गाव सोडताना पेढीची वजने, खतावण्या आणि देवघर ज्या गाडीतून जोयड्यास आणले ती ही गाडी. त्या घराचे आता एवढेच आमच्या हाती उरले आहे. सबब, "भंगारात घाला आणि नवी घ्या" हा सल्ला आम्हांस आजवर मानवलेला नाही.

या गाडीचे आपल्या समाजाशीही नाते आहे. ती बनविणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. वालचंदांचा जन्म १८८२ साली सोलापुरातील एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात बांधली जावीत हा त्यांचा ध्यास होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटची ११०० ही गाडी निघू लागली, तिलाच १९७० नंतरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघर माहीत झाली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ही गाडी हौशी लोकांच्या दारात तेवढी दिसते. हौशी लोकांना, आणि ॲम्बॅसडर बाळगणाऱ्या सभासदांनाही, पुढील माहिती उपयोगी पडेल. १४८९ घनसेंटिमीटरच्या जुन्या पेट्रोल ॲम्बॅसडरला आणि १०८९ घनसेंटिमीटरच्या पद्मिनीला पाण्याचा नियम एकच आहे.

प्रथम पाण्याचे काम काय ते पाहू. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा थोडाच भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. बाकीचा काही धुराबरोबर जातो, आणि साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. इंजिनाच्या बिडाच्या ठोकळ्यात सिलिंडरांभोवती पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. पट्ट्यावर फिरणारा पंप त्यांतून पाणी खेळवितो. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे जाते. इंजिन थंड असेतोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ नये म्हणून मध्ये थर्मोस्टॅट नावाचे एक दार असते. पाणी पुरेसे तापले की ते आपोआप उघडते.

रेडिएटरच्या टोपीला पुष्कळ लोक केवळ झाकण समजतात. ती झाकण नव्हे, ती दाब राखणारी झडप आहे. दाबाखाली पाणी उशिरा उकळते हे स्वयंपाकघरातील कुकरमुळे सर्वांना ठाऊक आहे. चौरस इंचास सात पौंड दाब धरणारी टोपी असेल तर पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते. याचा लाभ असा की चढावरही पाणी वाफ न होता आपले काम करीत राहते. धोका असा की टोपी काढताच दाब नाहीसा होतो, आणि त्या क्षणापर्यंत शांत दिसणारे पाणी एकदम वाफ होऊन उसळते. घरातील बाई कुकरची वाफ जिरल्याखेरीज झाकणास हात लावीत नाही. आम्ही पुरुषमाणसे मात्र रस्त्यावर हा विवेक विसरतो.

आता आमची हकिगत. काही वर्षांपूर्वी गाडीत दर दोन-तीन दिवसांनी पाणी घालावे लागू लागले. एका मिस्त्रींनी पाहिले. इंजिनाच्या कुशीला, जेथे ठोकळा आणि वरचे हेड यांचा सांधा असतो, तेथे ओल होती. त्यांनी हेड गॅस्केट गेल्याचे सांगितले. इंजिन खोलावे लागेल म्हणाले. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही गप्प बसलो. पुढे स्टँडवरच्या एका ट्रकचालकाने युक्ती सांगितली की रेडिएटरात हळद टाका, गळती बंद होते. हळद तर आमच्याच दुकानातली. आम्ही तोलूनमापून पाव किलो दिली. गळती खरोखरच कमी झाली. आम्हांस आपल्या हुशारीचे मोठे कौतुक वाटले.

त्या उन्हाळ्यात आम्ही कारवारहून परत येत होतो. कद्रा मागे टाकून अणशी घाट चढावयाचा होता. दिवस कलला होता. हा सर्व मुलूख आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. अंधारापूर्वी माथ्यावर पोहोचावे ही आमची घाई. दुकानात काम करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा गाडी चालवीत होता. अर्ध्या घाटात उष्णतेचा काटा टोकास गेला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. त्याने गाडी थांबवून इंजिन बंद केले, हे त्याने बरोबर केले. "अण्णा, जरा निवू द्या," असेही तो म्हणाला. आम्ही म्हणालो, "रात्र होईल. टोपी काढ, पाणी घाल." त्याने हातावर फडके घेतले आणि टोपी फिरविली.

पुढचे लिहिणे अवघड आहे. मनगटापासून कोपरापर्यंत त्याचा उजवा हात भाजला. आमच्यापाशी पाच लिटरचा एक डबा होता, रेडिएटरसाठी जपून आणलेला. तो सर्व त्याच्या हातावर ओतावा की थोडे पाणी गाडीसाठी राखावे, असा विचार एक क्षण आमच्या मनात आला. तो एक क्षण आम्ही अद्याप विसरलेलो नाही. मग सगळे पाणी हळूहळू हातावर धरले. वाटेने जाणाऱ्या एकाने टूथपेस्ट लावण्यास सांगितले; ती सुदैवाने जवळ नव्हती. मागून आलेल्या जीपमधून त्याला पुन्हा कारवारास नेले. पाणी धरले हे योग्य झाले असे डॉक्टर म्हणाले. भाजल्यावर वाहते थंड पाणी वीस मिनिटे हाच पहिला उपचार आहे. तूप, शाई, पेस्ट, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. हात बरा झाला, व्रण राहिला. हुकूम आमचा होता आणि हात त्याचा होता. हा लेख लिहिण्याचे दुसरे कारण ते हेच.

गाडी ओढून आणल्यावर आम्ही ठरविले की आता अंदाजाने काही करावयाचे नाही. वखारीत पोत्यांमागे तूट येऊ लागली की आपण काय करतो? काटा तपासतो, आवक-जावक रोजच्या रोज लिहितो, मग उंदीर, ओल, शिवण आणि माणूस असे एकेक कारण पाहत जातो. सरळ वखार पाडून नवी बांधीत नाही. त्याच रीतीने आम्ही पाण्याचा रोजमेळ घातला. तो कसा घालावा ते सांगतो.

प्रथम खरी तूट आहे की नाही हे ठरवावे. तापल्यावर पाणी फुगते. साध्या उष्णतेपासून उकळीपर्यंत त्याचे आकारमान सुमारे चार टक्क्यांनी वाढते. पाच लिटर पाणी धरले तर दोनशे मिलिलिटरला जागा लागते. जुन्या गाड्यांत हे जादा पाणी साठविणारी बाटली नसते. ते बारीक नळीने रस्त्यावर पडते. म्हणून जो मनुष्य रोज काठोकाठ पाणी भरतो त्याला रोज तूट दिसते. ही तूट नव्हे, हे उतू जाणे आहे. नळ्यांच्या वर दोन बोटे पाणी असावे, काठापर्यंत नसावे.

मग रोज सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, टोपी उघडून मापाच्या भांड्याने पाणी घालावे आणि किती घातले ते किलोमीटरसह वहीत लिहावे. आठ दिवसांत कळते की पाणी उभ्या गाडीतून जाते की चालत्या गाडीतून. रात्री गाडीखाली पांढरा कागद किंवा पुठ्ठा अंथरावा. डाग कोठे पडतो त्यावरून निम्मा शोध लागतो.

तिसरी पायरी डोळ्यांची. पाणी वाळते, पण मागे खूण ठेवते. गंजाची तांबूस रेघ, क्षारांचा पांढरा थर, कूलंट असेल तर हिरवा किंवा गुलाबी पापुद्रा. बॅटरी घेऊन पुढील जागा क्रमाने पाहाव्यात: रेडिएटरचे डाग दिलेले सांधे व तळाचा कॉक, वरची व खालची रबरी नळी आणि त्यांचे पट्टे, थर्मोस्टॅटच्या झाकणाचा सांधा, पंप, ठोकळ्याच्या कुशीला बसविलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या, ज्या जुन्या गाडीत आतून गंजून टाचणीएवढ्या भोकाने गळतात, आणि सर्वांच्या शेवटी हेड गॅस्केट. हा क्रम स्वस्तापासून महागाकडे जातो. आमच्या हातून तो उलटा झाला होता.

हेड गॅस्केटविषयी भीती फार आणि खात्री थोडी असते. त्याची लक्षणे स्पष्ट आहेत. थंड इंजिन टोपी काढून सुरू केले असता रेडिएटरात सतत बुडबुडे येतात. तेल दुधाळ होते. इंजिन चांगले तापल्यावरही धुराड्यातून पांढरी दाट वाफ निघते. चारांपैकी एखादा स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असतो. यांपैकी काहीच नसेल तर इंजिन खोलण्याची घाई करू नये. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ठोकळा बिडाचा आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट पसरते. म्हणून फार तापलेले हेड वाकडे होऊ शकते, आणि घाटातल्या त्या प्रसंगानंतर ही तपासणी करणे आम्हांस भागच होते. सुदैवाने चारही लक्षणे नव्हती. इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या मुलाचे हे श्रेय.

ज्यांना साधन मिळेल त्यांनी दाबपंप वापरावा. रेडिएटरच्या तोंडाशी तो बसवून, इंजिन बंद व थंड असताना, टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरावयाची. काटा खाली सरकू लागला की कोठून तरी पाणी डोकावतेच. टोपीच्या दाबाहून अधिक हवा मात्र भरू नये; नाही तर धड असलेले सांधेही सुटतात.

आमचा चोर त्या मुलालाच सापडला. हाताला पट्टी असताना तो डाव्या हाताने बॅटरी धरून पंखाच्या मागे पाहत होता. पंपाच्या पोटाखाली निर्मात्याने ठेवलेले एक लहान भोक असते. पंपाच्या दांड्यावर एक सील असते, ते पाण्याला बेअरिंगपासून दूर ठेवते. सील झिजले की पाझरलेले पाणी या भोकातून खाली पडते. बेअरिंग वाचते आणि मालकाला सूचना मिळते. आमच्या पंपाचे ते भोक कोणीतरी पूर्वी चिकट मसाल्याने बुजविले होते.

"अण्णा, हे भोक मुद्दाम पाडलेले दिसते," तो म्हणाला. "मग बुजवले कुणी?"

कोणी बुजविले हे आम्हांस ठाऊक नाही. दुरुस्त्या पुष्कळ झाल्या आणि देखरेख आमचीच होती. परंतु सर्व कोडे तेथे उलगडले. बाहेर पडण्यास वाट नसल्याने पाणी बेअरिंगमधून पुढे येई. तेथे पंखा त्याचे तुषार मागे इंजिनावर उडवी आणि ओल दिसे हेडच्या सांध्याशी. मिस्त्रींनी जेथे ओल पाहिली तेथे गळती नव्हती. पट्टा काढून कप्पी हाताने हलविली तर ती डुगडुगत होती. म्हणजे बेअरिंगही गेले होते. आणखी काही दिवसांत पंखा सुटून रेडिएटरात घुसला असता. आमच्या हळदीने सीलची फट काही काळ बुजली खरी, पण रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजल्या. खालच्या तोंडातून पिवळा चिखल निघाला तो आम्ही स्वतः पाहिला. तूट दाखविणारी जागा एकाने लिंपली, आणि उरलेली तूट आम्ही लपविली. खोट्या वहीने पेढी जशी एके दिवशी अचानक बसते, तशी ती गाडी घाटात बसली.

दुरुस्ती शोधाच्या मानाने सोपी होती. बॅटरीची तार सोडविली. थंड इंजिनातील पाणी कॉक उघडून परातीत घेतले. पट्टा सैल करून पंखा आणि मग पंप काढला. जुन्या गॅस्केटचे तुकडे बोथट पातीने खरवडावे. टोकदार हत्याराने धातूवर चरा पडला तर नवी गळती आपणच निर्माण करतो. पंपासाठी सील, बेअरिंग आणि दांडा यांचा संच मिळतो. तो दाबयंत्रावर बसवून घ्यावा लागतो, हातोडीने ठोकून नव्हे. आम्ही तो मुंबईहून मागविला. नवे गॅस्केट मसाल्याचा पातळ हात देऊन बसविले. बोल्ट एका बाजूने आवळीत न जाता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. आणि तळाचे भोक उघडे आहे ना, हे तारेने खात्री करून घेतले. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला असता सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लवावा; फार ताणला तर नवे बेअरिंगही लवकर झिजते.

रेडिएटर काढून उलट धुतला, म्हणजे खालच्या तोंडातून पाणी सोडून वरून बाहेर घेतले, पाणी स्वच्छ येईपर्यंत. रबरी नळ्या दाबून पाहिल्या. कडक आणि चिरलेल्या होत्या, त्या बदलल्या. मग हळूहळू भरणा केला. टोपी न लावता थंड इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबलो. कोंडलेली हवा निघताच पाणी खाली गेले, तेवढे पुन्हा घातले आणि मग टोपी लावली. विहिरीचे पाणी न घालता डिस्टिल्ड पाण्यात कूलंट घातले. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशास, असे पुष्कळ जण विचारतात. त्यातील द्रव्ये गंज रोखतात, यासाठी. साध्या पाण्याने ठोकळा आतून वर्षानुवर्षे गंजत राहतो.

कूलंटविषयी एक गोष्ट आपल्या वाचकांस विशेष सांगावयाची आहे. ते बहुधा इथिलीन ग्लायकॉलपासून बनते. ते विषारी असून चवीला गोड असते. गाडीखाली सांडलेले थारोळे कुत्रे, मांजर चाटते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होऊन ते मरते. थोडेसे पोटात गेले तरी पुरते. गळकी गाडी दारात उभी ठेवणे म्हणजे दारात विषाची वाटी ठेवणे होय. काढलेले कूलंट गटारात, ओढ्यात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजच्या स्वाधीन करावे. मुंगी वाचावी म्हणून पाऊल जपणाऱ्यांना हे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

दुरुस्तीनंतरही आम्ही रोजमेळ बंद केला नाही. पहिले आठ दिवस रोज, नंतर आठवड्यातून एकदा. पहिल्या सकाळी थोडे पाणी लागले, ते उरलेली हवा निघाल्यामुळे. त्यानंतरची घरे कोरी आहेत. नफ्याच्या वहीतही इतक्या समाधानाने आम्ही कधी पाहिले नसेल.

तो मुलगा अद्याप आमच्याच पेढीत आहे. गाडीची वही आता तोच लिहितो. टोपीजवळ आम्ही एक पाटी लावली आहे: "हात लावून सोसवेल इतके इंजिन निवल्याशिवाय उघडू नये. मालकाने सांगितले तरी उघडू नये." शेवटचे वाक्य त्याचे नव्हे, आमचे आहे. मागल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा अणशी घाट चढलो. अर्ध्यावर त्याने न विचारता गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि सावलीला बसला. काटा जागेवरच होता. गाडीला काही झाले नव्हते. आम्हीही काही न बोलता त्याच्या शेजारी जाऊन बसलो. माथ्यावर पोहोचेतो रात्र झाली.